घरगुती बायबल अभ्यास कसा घ्यावा: कॉमेंटरी सगळ्यात शेवटी उघडायची

"शुक्रवारी आमच्याकडे बायबल अभ्यास आहे, कोणती कॉमेंटरी घेऊ?" हा फोन मला वर्षातून पाच-सहा वेळा तरी येतो. विचारणाऱ्याला पाळकसाहेबांनी नुकतीच जबाबदारी दिलेली असते आणि पोटात गोळा आलेला असतो. मी त्याला उलट विचारतो, "उतारा किती वेळा वाचला?" बहुतेक वेळा उत्तर येतं, "एकदा. म्हणजे तसा माहीतच आहे ना."

गाडी घसरते ती इथेच. उतारा माहीत आहे असं समजून माणूस थेट कॉमेंटरी, म्हणजे बायबलवरचं भाष्याचं पुस्तक, उघडतो, तिथली उत्तरं वहीत उतरवतो आणि शुक्रवारी ती वाचून दाखवतो. मीही हेच केलं आहे. नागपुरात बेझनबागेतल्या एका घरात मी सलग पंचवीस मिनिटं बोललो, ग्रीक शब्द सांगितले, नकाशा दाखवला. शेवटी एक काकू म्हणाल्या, "सगळं बराबर आहे भाऊ, पण हे लिहिलं कुठं आहे?" मी वचन शोधू लागलो आणि सापडेना, कारण ते बायबलमध्ये नव्हतंच. ते कॉमेंटरीत होतं.

खाली जो क्रम दिला आहे तो सहा ते बारा जणांच्या घरगुती गटासाठी आहे. उदाहरण म्हणून एकच उतारा शेवटपर्यंत धरला आहे: मार्क ५:२१-४३, याईराची मुलगी आणि रक्तस्रावाने पीडित स्त्री. बायबल शेजारी उघडून ठेवा, नाहीतर अर्धं कळणार नाही.

## १. गट, घर आणि वेळ

बारापेक्षा जास्त माणसं झाली की चार जण बोलतात आणि बाकीचे श्रोते होतात. तेव्हा दोन गट करा, लाजू नका. एका घरात दोन खोल्यांत बसलात तरी चालतं.

वेळ सव्वा तास, संध्याकाळी साडेसातनंतर. एप्रिल-मे महिन्यांत नागपुरात याआधी कुणाला बोलावणं म्हणजे अन्याय आहे. उन्हाळ्यात एक वेगळीच अडचण येते, ती म्हणजे कूलर. वाचणारा एका टोकाला आणि कूलर दुसऱ्या टोकाला असला तर आजीबाईंना फक्त कूलर ऐकू येतो. वाचनाच्या दहा मिनिटांपुरता तो बंद करा आणि घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा.

गोल बसा. एकच खुर्ची असेल तर ती वयस्करांना द्या, तुम्ही सतरंजीवर. खुर्चीवर बसलेल्या माणसाकडे सगळे उत्तरासाठी बघतात.

खाणं चहा-बिस्किटांवर ठेवा. एका घरी सांबारवडी झाली की पुढच्या घरच्या बाईंना दडपण येतं, आणि अभ्यासभर त्या तळणीपाशी उभ्या राहतात. घरकामात गुंतलेल्या मार्थेचा उतारा शिकवताना मार्थेलाच स्वयंपाकघरात ठेवणं बरं दिसत नाही.

## २. पुस्तक आणि भाषांतर ठरवा

पहिल्यांदा घेत असाल तर मार्कचं शुभवर्तमान, फिलिप्पैकरांस पत्र किंवा याकोबाचं पत्र घ्या. प्रकटीकरण नको. गटातल्या कुणीतरी मागणी करणारच, तरीही नको.

"या आठवड्यात प्रेम, पुढच्या आठवड्यात क्षमा" असे विषयही सुरुवातीला टाळा. विषय घेतला की दहा ठिकाणची दहा वचनं गोळा होतात आणि एकाचाही मागचा-पुढचा संदर्भ कुणी बघत नाही. यिर्मया २९:११ भिंतीवर टांगलेलं घराघरांत दिसतं. बाबेलात कैद होऊन गेलेल्या लोकांना लिहिलेल्या पत्रातलं ते वाक्य आहे, आणि त्याच्या आदल्याच वचनात सत्तर वर्षं थांबायला सांगितलं आहे. पुस्तक ओळीने वाचलं तर हे आपोआप समोर येतं.

आता भाषांतर. नागपूरच्या गटात आजी जुन्या मराठी पवित्र शास्त्रातून वाचतात, नातू मोबाइलवर इंग्रजीतून, आणि शेजारच्या ताई हिंदीतून. तिघांनी आळीपाळीने वाचलं तर वाक्य कुठे तुटलं हेच कळत नाही. मोठ्याने वाचायला एकच मराठी भाषांतर ठरवा. बाकीची भाषांतरं चर्चेत कामाला येतात: "तुमच्या हिंदीत इथे काय शब्द आहे?" हा फार चांगला प्रश्न आहे.

गटात कॅथलिक मंडळी असतील तर त्यांच्या बायबलमध्ये ७३ पुस्तकं आहेत आणि प्रॉटेस्टंट बायबलमध्ये ६६, हे तुम्हाला ठाऊक असू द्या. त्यावर वाद घालायचा नाही. दोन्हींतला नवा करार २७ पुस्तकांचाच आहे, तिथून सुरुवात करा.

सावधान: अध्याय आणि वचनांचे आकडे मूळ लेखकांचे नाहीत. नव्या कराराची आज वापरात असलेली वचनविभागणी १५५१ च्या छापील आवृत्तीतून आली. परिच्छेदांवरची ठळक शीर्षकंही प्रकाशकांची असतात. म्हणून उतारा कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते स्वतः बघा. १ करिंथ ११:१ हे वचन वाचून पाहा, ते खरं तर दहाव्या अध्यायाचं शेवटचं वाक्य आहे.

## ३. शनिवार ते सोमवार: नुसतं वाचा

गट शुक्रवारी असेल तर आधीच्या शनिवारी सुरुवात करा. तीन दिवस रोज एकदा, त्यातलं एक वाचन मोठ्याने. या तीन दिवसांत गाइड (छापील अभ्यासपुस्तिका) नको, कॉमेंटरी नको, यूट्यूबवरचं प्रवचन तर नकोच.

वहीचं पान घ्या आणि फक्त जे दिसतं ते लिहा. कोण आहे, कुठे आहे, काय परत परत येतं, काय विचित्र वाटतं. मार्क ५ वाचताना माझ्या पानावर हे आलं होतं:

बाई बारा वर्षं आजारी (वचन २५). मुलगी बारा वर्षांची (व. ४२). याईर "माझी मुलगी" म्हणतो (व. २३). येशू त्या बाईलाही "मुली" म्हणतो (व. ३४). याईराचं नाव दिलं आहे, बाईचं नाही. याईर सगळ्यांसमोर पाया पडतो, बाई मागून येते. येशू बाईशी बोलत असतानाच मुलगी गेल्याचा निरोप येतो (व. ३५). शेवटी मुलीला खायला द्या म्हणतो.

यातलं काहीच मला कुणी सांगितलं नव्हतं. तुमच्या गटातल्या आठवीतल्या मुलीलाही हे दिसू शकतं, आणि तिला ते शुक्रवारी स्वतःहून दिसावं यासाठीच ही सगळी तयारी चालली आहे. बारा आणि बारा हे जर तुम्ही कॉमेंटरीत आधी वाचलं, तर शुक्रवारी ते सांगून टाकायचा मोह आवरत नाही.

तपासा: सोमवारी रात्री बायबल बंद करून ती गोष्ट घरच्या कुणाला तरी सांगा. मध्ये अडलात तर मंगळवारी आणखी एकदा वाचा. "ती वस्त्राच्या गोंड्याला शिवली" असं सांगितलंत, तर तुम्ही मार्क सांगत नाही. गोंडा मत्तय आणि लूकमध्ये आहे, मार्क नुसतं वस्त्र म्हणतो. आठवणीतल्या प्रवचनांची अशी सरमिसळ सगळ्यांचीच होते.

## ४. मंगळवार: आपले प्रश्न आपण लिहा

प्रश्न तीन जातींचे: काय लिहिलं आहे, त्याचा अर्थ काय, आणि मग आपण काय करायचं. क्रम हाच. नवे लोक तिसऱ्यापासून सुरू करतात आणि पाचव्या मिनिटाला कुणीतरी सुनेबद्दल बोलू लागतं.

"येशूने त्या स्त्रीला बरं केलं का?" हा प्रश्न नाही. याला "हो" म्हणून माणूस गप्प बसतो. "ती घाबरत, कापत पुढे आली असं लिहिलं आहे. बरी झाल्यावर घाबरायचं कारण काय असेल?" हा प्रश्न आहे.

पहिल्या जातीचे चार, दुसऱ्या जातीचे चार आणि तिसऱ्या जातीचे दोन लिहा. दहाच्या वर गेलात तर तुम्ही प्रवचन लिहिताय.

## ५. आता गाइड

छापील अभ्यासपुस्तिका वाईट नसते. तिची खरी मदत म्हणजे तुम्हाला न सुचलेले एक-दोन प्रश्न. पण ती पहिल्या प्रश्नापासून शेवटच्यापर्यंत वाचून दाखवायची वस्तू नाही, आणि रिकाम्या जागा भरण्याचा तास तर मुळीच नाही.

सगळ्यात मोठा घोटाळा भाषेचा आहे. बऱ्याच पुस्तिका इंग्रजीतून आलेल्या असतात किंवा आपण बसल्या जागी त्यांचं मराठी करतो. मग असा प्रश्न तयार होतो: "हा उतारा तुम्हाला कोणतं आव्हान देतो?" असं मराठी घरात कुणी कुणाला विचारतं का? लोक सतरंजीकडे बघत बसतात आणि लीडरला वाटतं गट थंड आहे. गट थंड नाही, प्रश्नच परका आहे. तोच असा विचारा: "तुमची लेक घरी अखेरच्या घटका मोजतेय आणि डॉक्टर वाटेत दुसऱ्या पेशंटशी बोलत उभे राहिले. याईराच्या जागी तुम्ही काय म्हणाला असता?" मग गप्प कसं करायचं हा प्रश्न पडतो.

पुस्तिकेतला प्रत्येक प्रश्न घरात एकदा मोठ्याने म्हणून पाहा. जीभ अडखळली की बदला.

## ६. बुधवार: कॉमेंटरी

आता उघडा. तोपर्यंत तुमच्या वहीत तुमचे प्रश्न आहेत, म्हणून तुम्ही उत्तर शोधायला जाता, मत उसनं आणायला नाही.

कोणती घ्यावी? ढोबळ चार प्रकार आहेत. बोधपर कॉमेंटरी मनाला भिडते, पण अर्थावर भरभर उड्या मारते. सगळ्या बायबलची एकखंडी कॉमेंटरी घरात एक असावी. तिच्यात एका उताऱ्याला अर्धं-पाऊण पान मिळतं आणि बहुतेक आठवड्यांना तेवढं पुरतं. एकेका पुस्तकावरची, वचनागणिक समजावणारी कॉमेंटरी सगळ्यात उपयोगी. मूळ ग्रीक-हिब्रूवरची तांत्रिक कॉमेंटरी पाळकांकडून पाहायला मागा, विकत घेऊ नका. सविस्तर ग्रंथ बहुतेक इंग्रजीत आहेत, त्यामुळे गटातल्या एखाद्या कॉलेजातल्या मुलाला सोबत घेऊन वाचायला हरकत नाही. त्याचीही तयारी होते.

तीन गोष्टींसाठीच ती वापरा.

एक, पार्श्वभूमी. सभास्थानाचा अधिकारी म्हणजे कोण, रक्तस्रावाबद्दल लेवीय १५:२५-२७ काय सांगतं. इथेच एक खड्डा आहे. "ती गर्दीत आली म्हणून तिला दगडमार झाली असती" हे मी अनेक प्रवचनांत ऐकलं आहे. लेवीय १५ उघडून बघा. अशुद्धतेचे नियम आहेत, धुण्याचे आणि संध्याकाळपर्यंत थांबण्याचे नियम आहेत, दगडमार कुठेही नाही. शिवाय मार्क स्वतः अशुद्धतेचा शब्दही काढत नाही. भाष्यकार तो संबंध जोडतात, आणि तो योग्यही असेल, पण गटात सांगताना "मार्क म्हणतो" आणि "अभ्यासक म्हणतात" हे वेगळं ठेवा.

दोन, शब्द. वचन ३४ मध्ये "बरं केलं" असं ज्याचं भाषांतर होतं, त्या ग्रीक क्रियापदाचा अर्थ "तारणं, वाचवणं" असाही आहे. हेच क्रियापद वचन २३ मध्ये याईराच्या आणि २८ मध्ये बाईच्या तोंडी आहे. हे एका वाक्यात सांगा आणि पुढे चला. ग्रीक उच्चार करून दाखवायची गरज नाही, आपल्यापैकी कुणालाच तो येत नाही.

तीन, अडचण. कुणीतरी मत्तय ९:१८ काढणार: तिथे बाप सुरुवातीलाच म्हणतो की मुलगी आत्ताच मेली. मार्कमध्ये ती अजून जिवंत आहे. यावर पुष्कळ भाष्यकारांचं म्हणणं असं की मत्तय गोष्ट आखडून सांगतो. मार्कला तेवीस वचनं लागली ती मत्तयाने नऊ वचनांत संपवली, आणि मधला निरोप्या गाळला. हे उत्तर पटेल किंवा नाही पटणार, पण अडचण आहे हे तुम्हाला आधी माहीत असणं महत्त्वाचं.

सावधान: लेखक कोणत्या परंपरेतला आहे ते पाहा. चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना २९ नोव्हेंबर १९७० रोजी आपल्या नागपुरातच झाली आणि तिच्यात बालकांचा बाप्तिस्मा मानणारे व प्रौढपणीच बाप्तिस्मा देणारे असे दोन्ही आले. तुमच्या सतरंजीवरही दोन्ही बसलेले असतील. बाप्तिस्मा, अन्य भाषा (आत्म्याच्या प्रेरणेने अनोळखी भाषेत बोलणं), शेवटचा काळ असे विषय आले की एका कॉमेंटरीवर विसंबू नका. विरुद्ध बाजूची एक वाचा.

नावावरही जाऊ नका. "मॅथ्यू हेन्री म्हणतो" असं रोमकरांस पत्रावर बोलताना सर्रास ऐकू येतं. हा जुना इंग्रज भाष्यकार १७१४ साली वारला तेव्हा त्याचं काम प्रेषितांच्या कृत्यांपर्यंत झालं होतं. रोमकरांसपासून प्रकटीकरणापर्यंतचा भाग इतर पाळकांनी पुरा केला.

आणि अभ्यास-बायबल वापरणाऱ्यांसाठी: पानाखालच्या रेघेच्या खाली आहे ती टीप. ती वचनाच्या सुरात वाचू नका. मी लोकांना तिला "आमेन" म्हणताना ऐकलं आहे.

## ७. गुरुवार: छाटणी

दहा प्रश्नांतले सहा ठेवा. कॉमेंटरीतून मिळालेल्या माहितीच्या तीनच ओळी एका चिठ्ठीवर लिहा आणि चिठ्ठी बायबलमध्ये घाला. कॉमेंटरी घरी ठेवा. सोबत नेलीत की ती उघडली जाते.

तपासा: उताऱ्याचा मुख्य मुद्दा एका वाक्यात सांगता येतो का? येत नसेल तर आणखी वाचू नका. झोपा, सकाळी सुचतं.

## ८. शुक्रवार: प्रत्यक्ष बैठक

पहिली दहा मिनिटं येण्याजाण्यात जातात, ती धरूनच चाला. एक गीत, छोटी प्रार्थना. मग वाचन, दोन वेळा. दुसऱ्यांदा पात्रं वाटून वाचा: निवेदक, याईर, बाई, शिष्य, येशू. मोठी माणसं आधी संकोचतात आणि मग सगळ्यात जोरात वाचतात. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्याकडे कधीही अचानक पुस्तक सरकवू नका. वाचणारे आधी विचारून ठरवा.

प्रश्न विचारला की थांबा. मनात सावकाश दहापर्यंत मोजा. ती शांतता फक्त तुम्हाला टोचत असते, बाकीचे विचार करत असतात. चौथ्या सेकंदाला तुम्हीच उत्तर दिलंत, तर गट एक गोष्ट शिकतो: गप्प बसलं की भाऊ सांगतात.

उत्तर आलं की लगेच "बरोबर" म्हणू नका. "हे कोणत्या वचनात दिसलं?" असं विचारा. चुकीचं उत्तर देणाऱ्यालाही हेच विचारायचं, म्हणजे त्याचा पाणउतारा होत नाही आणि तो स्वतःच पान उलटतो.

एकच दादा बोलत सुटले तर त्यांच्या श्वासाच्या जागी शिरा: "दादा, थांबा जरा, मावशींना काय वाटतं बघू." पाळकसाहेब स्वतः येणार असतील तर त्यांना आदल्या दिवशी फोन करा आणि शेवटी बोलायची विनंती करा. ते पहिल्यांदा बोलले तर चर्चा तिथेच संपते. समजूतदार पाळकांना याचं वाईट वाटत नाही.

माहीत नसलेला प्रश्न आला तर "मला माहीत नाही, पुढच्या शुक्रवारी सांगतो" एवढंच म्हणा. वहीत लिहा. आणि खरंच सांगा.

या उताऱ्यासाठी दोन खास सूचना. रक्तस्रावाचा विषय मिश्र गटात निघाला की बायका मान खाली घालतात. शब्द न टाळता, न चघळता, "बारा वर्षांचा आजार" म्हणून पुढे जा. बायकांचा वेगळा गट असेल तर तिथे मोकळं बोलणं होईल.

दुसरी जास्त गंभीर आहे. गटात आजारी माणूस असतो, सिकलसेलचं लेकरू असलेलं घर असतं, मूल गमावलेली आई असते. "विश्वास असता तर बरा झाला असता" हे वाक्य कुणी काढलं तर ते तिथल्या तिथे थांबवा, सभ्यतेची वाट पाहू नका. वचन २६ मध्ये वैद्यांनी बाईला फार सोसायला लावलं असं आहे, त्यावरून "औषध सोडा" असा सल्लाही निघतो. त्यालाही तिथेच स्पष्ट नाही म्हणा. मार्क एका बाईची हकिकत सांगतो, तुमच्या गटातल्या कुणाच्या गोळ्या बंद करत नाही.

चाळीस मिनिटं झाली की चर्चा थांबवा, प्रश्न उरले तरी.

## ९. प्रार्थना

पंधरा मिनिटं राखून ठेवा, नाहीतर ती नेहमी घाईत होते. विनंत्या सांगताना प्रत्येकी एक-दोन वाक्यं. आणि त्या विनंत्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाणार नाहीत, हे दर वेळी मोठ्याने सांगा. कुणाच्या नवऱ्याची दारू सदरपासून मनीषनगरपर्यंत पोचली की ते घर पुन्हा तुमच्याकडे येत नाही.

## १०. त्याच रात्री, झोपण्याआधी

वहीत चार ओळी: कोणता प्रश्न चालला, कोणता पडला, कोण बोललं नाही, कोणत्या प्रश्नाचं उत्तर देणं राहिलं. जो बोलला नाही त्याला आठवड्यात एक फोन करा, अभ्यासाबद्दल काही न विचारता.

तीन-चार महिन्यांनी गटातल्या एकाला सोबत तयारीला बसवा. शनिवारपासून. त्याला उतारा द्या, कोरं पान द्या, आणि तुमची कॉमेंटरी बुधवारपर्यंत तुमच्याच कपाटात राहू द्या.